म्हातारं रक्त असं काही असतं का?

मे महिन्यात आठ दिवस घरी, अलोऱ्याला होते. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईने चहाच्या कपाबरोबर आजीचा रक्ताचा रिपोर्ट हातात दिला. घरात कुणी विज्ञान शिकणारं असेल तर हा प्रकार तुम्हालाही माहीत असेल. मी उंदरांच्या अस्थिमज्जेवर पीएच.डी. करते, मी डॉक्टर नाही, हे घरी शंभरदा सांगून झालं आहे. तरी रिपोर्ट माझ्याकडेच येतात.

हिमोग्लोबिन ९.६. वर्षापूर्वीचा कागद शोधला तर त्यात १०.८. बाईमाणसाचं १२ च्या खाली गेलं की जागतिक आरोग्य संघटना त्याला ॲनिमिया म्हणते, आणि ही रेघ ऐंशी वर्षांच्या बाईसाठी वेगळी काढलेली नाही.

"वय झालं गो आता. एक्क्याऐंशी पुरी झाली. रक्त कमी व्हायचंच," आजी म्हणाली. हेच उत्तर तिला आधी एका दवाखान्यातही मिळालं होतं, सोबत लोहाच्या गोळ्या. गोळ्यांनी पोट बांधलं जायला लागलं, तशा तिने त्या पंधरा दिवसांत बंद केल्या. कुणी त्याबद्दल विचारलंही नाही.

मला त्या वाक्याचा राग आला, पण मला ते खोडूनही काढता येईना. वयामुळे रक्त कमी होतं का? मी चार वर्षं ज्या विषयावर काम करते तो जवळजवळ हाच आहे, आणि तरी मला एका वाक्यात उत्तर देता आलं नाही. म्हणून हा लेख. आजीसाठी म्हणून लिहायला घेतला आणि लांबला.

आधी एक साधी गोष्ट. आजीच्या अंगातल्या तांबड्या पेशी आणि माझ्या अंगातल्या तांबड्या पेशी यांचं वय सारखंच आहे. माणसाची तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. आज आजीच्या बोटातून काढलेल्या थेंबातली सगळ्यात जुनी पेशी जानेवारीत कधीतरी जन्मलेली. उंदरात तर हा काळ जेमतेम ४० ते ५० दिवसांचा. शिवाय सस्तन प्राण्यांच्या तांबड्या पेशीत केंद्रक नसतं. रक्तात उतरण्याआधीच ती ते टाकून देते, म्हणजे तिच्यात डीएनए नाही आणि मोडलेलं काही नव्याने बनवायची सोयही नाही. मज्जेतून निघताना जी शिदोरी मिळाली, तेवढ्यावर चार महिने काढायचे आणि मग प्लीहेत किंवा यकृतात मोडीत निघायचं. तुमच्या-माझ्या शरीरात दर सेकंदाला अशा वीसएक लाख पेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या तयार होतात.

तेव्हा म्हातारं व्हायचंच असेल तर ते रक्ताने नाही, रक्त तयार करणाऱ्या कारखान्याने. हा कारखाना म्हणजे हाडांच्या आतली मज्जा, आणि तिच्यातल्या मोजक्या मूळपेशी, ज्यांच्यापासून बाकी सगळ्या रक्तपेशी बनतात. मग प्रश्न असा होतो: मूळपेशी म्हाताऱ्या होतात का?

या प्रश्नाला पहिलं ठोस उत्तर अमेरिकेतल्या मेन राज्यात, जॅक्सन लॅबोरेटरी या उंदरांसाठी प्रसिद्ध असलेल्या संस्थेत मिळालं. डेव्हिड हॅरिसन नावाच्या शास्त्रज्ञाने दिलं. त्यांना मदत झाली ती एका आजारी उंदराची. या उंदराच्या एका जनुकात जन्मतः बिघाड असतो. त्या जनुकाला तेव्हा नुसतं 'डब्ल्यू' म्हणत. ते नेमकं कोणतं प्रथिन बनवतं, हे १९८८ मध्ये कळलं. मूळपेशीला 'जगत राहा, वाढत राहा' असा निरोप ज्या प्रथिनामार्फत मिळतो, तेच हे प्रथिन. ते नीट नसल्यामुळे हा उंदीर आयुष्यभर ॲनिमियात असतो. पण त्याचा एक मोठा फायदा आहे. त्याच्या स्वतःच्या मूळपेशी इतक्या दुबळ्या असतात, की बाहेरून जुळणारी निरोगी मज्जा टोचली तर ती आत जाऊन सहज बस्तान बसवते. एरवी मज्जारोपणाआधी किरणोत्सर्गाने जुनी मज्जा मारावी लागते, इथे त्याची गरज पडत नाही. आणि मज्जा रुजली की नाही हे ओळखणंही सोपं: ॲनिमिया बरा झाला का, एवढं बघायचं.

हॅरिसन यांनी म्हाताऱ्या उंदरांची मज्जा घेऊन या तरुण पण आजारी उंदरांना दिली. ॲनिमिया बरा झाला. तरुण दात्याच्या मज्जेने व्हावा तसाच. मग तो उंदीर म्हातारा व्हायला लागला की तीच मज्जा पुढच्या तरुण उंदरात, तिथून पुढच्या. १९७३ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला: एकाच मूळच्या मज्जेने ७३ महिने सलग व्यवस्थित तांबड्या पेशी बनवल्या होत्या. ७३ महिने म्हणजे सहा वर्षं आणि वर एक महिना. प्रयोगशाळेतला उंदीर दोन, फार तर तीन वर्षं जगतो. मालक मेला, मालकाच्या जागी आलेलाही मेला, मज्जा आपली चालूच.

मला हा प्रयोग फार आवडतो. एम.एस्सी.ला असताना पहिल्यांदा वाचला तेव्हा वाटलं होतं, झालं, प्रश्न मिटला. रक्ताचा कारखाना म्हातारा होतच नाही.

तसं ते नाही. हॅरिसन यांनाही नंतर दिसलं की प्रश्न कसा विचारता यावर उत्तर बदलतं. रोजचं काम करून दाखवणं वेगळं आणि बरोबरीच्या दुसऱ्या कुणाशी स्पर्धेत टिकणं वेगळं. १९८० च्या सुमारास त्यांनी स्पर्धेचा प्रयोग रूढ केला, जो आम्ही आजही करतो. दोन दात्यांची मज्जा एकत्र करायची, एकाच उंदराला द्यायची, आणि काही महिन्यांनी कुणाच्या पेशी किती आहेत ते मोजायचं. कुणाच्या ते ओळखायचं कसं? इथे तांबड्या पेशींचं आनुवंशिकशास्त्र कामाला येतं. उंदरांच्या वेगवेगळ्या जातींमध्ये हिमोग्लोबिनचं जनुक थोडं वेगवेगळं असतं. काम दोन्ही चोख करतात, पण विजेच्या प्रवाहात ठेवलेल्या जेलवर त्यांचे पट्टे वेगळे उमटतात. म्हणजे प्रत्येक तांबडी पेशी आपल्या घराण्याचं आडनाव पोटात घेऊनच फिरते.

या स्पर्धांतून जे पुढे आलं ते गोंधळात टाकणारं होतं. आमच्या प्रयोगशाळांमध्ये सर्रास वापरतात त्या काळ्या उंदरात, ज्याला 'ब्लॅक सिक्स' म्हणतात, वयाबरोबर मूळपेशींची संख्या वाढते. कमी होत नाही, वाढते. डीबीए नावाच्या दुसऱ्या जातीत ती म्हातारपणी घटते. वय तेच, प्राणी तोच, फरक जनुकांचा. आणि ज्या जातीत संख्या वाढते तिथेही एकेका पेशीची कुवत उतरलेली असते: कागदावर कामगार जास्त, पण हात चालणारे कमी. (कारखान्याची उपमा घेतल्यामुळे मला हे लिहिताना घरातल्या बऱ्याच निवृत्त मंडळींची आठवण येते, पण ते असो.)

मग १९७३ च्या उंदरांचं काय? माझ्या मते तिथली खरी गोम अशी, की म्हातारी मज्जा जात होती ती दर वेळी एका तरुण शरीरात. पेशी जुनी, पण आजूबाजूचं सगळं नवं. त्यामुळे आपण नुसती मूळपेशी बघून चालणार नाही, तिचा शेजार बघावा लागेल.

शेजाराबद्दलचं मला सगळ्यात जवळचं वाटणारं काम पुण्यातलं आहे. विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे, एनसीसीएस. तिथे डॉ. वैजयंती काळे आणि डॉ. ललिता लिमये यांनी रक्ताच्या मूळपेशींवर बरीच वर्षं काम केलं. २०१८ मध्ये त्यांच्या गटाचा एक शोधनिबंध 'स्टेम सेल्स' या नियतकालिकात आला, पहिलं नाव रोहन कुलकर्णी यांचं. प्रश्न व्यवहारातला होता. मज्जारोपणात दाता वयस्कर असेल तर त्याच्या पेशी नीट रुजत नाहीत. त्यावर काही करता येईल का?

मज्जेत रक्ताच्या मूळपेशींच्या शेजारी आणखी एका प्रकारच्या पेशी राहतात, त्यांना मेसेन्कायमल पेशी म्हणतात. रक्त त्या बनवत नाहीत. रक्ताच्या पेशींना सांभाळतात. या शेजारणी सतत बारीक बारीक पुड्या बाहेर सोडत असतात. चरबीच्या पातळ आवरणात बांधलेल्या पुड्या, आत आरएनएचे निरोप. मूळपेशी त्या पुड्या आत घेते आणि निरोपाप्रमाणे वागते. पुण्याच्या गटाने म्हाताऱ्या उंदरांच्या मूळपेशी घेतल्या आणि त्यांना थोडा वेळ तरुण उंदरांच्या शेजारणींच्या सहवासात ठेवलं. एवढ्याने त्या मूळपेशींची कामाची क्षमता परत आली. कारण तपासलं तर तरुण शेजारणींच्या पुड्यांत 'ऑटोफॅजी'चे निरोप होते. ऑटोफॅजी म्हणजे पेशीने आपल्याच आतला मोडका-तोडका माल मोडीत काढून पुन्हा वापरणं. घरातली साफसफाईच म्हणा.

पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. शेजारणींचं वय वाढलं की त्यांच्यात एकेटी नावाचा एक संदेशमार्ग नको इतका चालू राहतो. त्यामुळे पुड्यांतले साफसफाईचे निरोप घटतात, आणि उलट साफसफाई बंद पाडणारे दोन छोटे आरएनए दुसऱ्या प्रकारच्या पुड्यांमधून जायला लागतात. संशोधकांनी म्हाताऱ्या शेजारणींमधला हा मार्ग औषधाने दाबला. पुड्या सुधारल्या. इतक्या, की रोपणाच्या प्रयोगांत या सुधारलेल्या पुड्यांचा परिणाम तरुण पुड्यांपेक्षाही सरस आला. हे उंदरातलं आहे, शरीराबाहेर पेशींवर केलेलं आहे, आणि यातून उद्या कुणी आजीला टोचायचं इंजेक्शन निघणार नाही. पण 'वय झालं' या शब्दांच्या पोटात काय काय असू शकतं, त्याचा हा एक उलगडलेला तुकडा आहे.

आता लोहाकडे येते, कारण आजीचा प्रश्न बहुधा तिथे अडला होता. आणि इथे मला अलोऱ्याचा उपयोग होतो.

बाहेरच्या वाचकांसाठी: आमचं गाव चिपळूण तालुक्यात, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी. माझे आजोबा कोयना प्रकल्पाच्या कामावर आले आणि इथलेच झाले. कोयनेचं पाणी सह्याद्री पोखरून पोफळीच्या वीजघरांत पडतं. तिथे वीज करून झाली की ते पाणी समुद्राला सोडून देत नाहीत. कोळकेवाडीच्या धरणात अडवतात आणि तिसऱ्या टप्प्यात त्याच पाण्यावर पुन्हा ३२० मेगावॅटची जनित्रं फिरवतात. मग ते वाशिष्ठीला मिळतं. लहानपणी आजोबांनी हे मला एवढ्या वेळा सांगितलं आहे, की शरीरातल्या लोहाचा धडा शिकताना मला पुस्तकाची गरजच पडली नाही.

मज्जेला रोज नवं हिमोग्लोबिन बनवायला २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागतं. जेवणातून शरीरात शिरतं ते रोज फक्त १ ते २ मिलिग्रॅम. बाकीचं सगळं वापरलेलं लोह. मेलेल्या तांबड्या पेशी भक्षक पेशी गिळतात, त्यातलं लोह काढून घेतात, आणि पुन्हा रक्तात सोडतात. या भक्षक पेशी म्हणजे शरीराचं कोळकेवाडी. आणि त्या धरणाला दरवाजा आहे. दरवाजा बंद करायचा हुकूम यकृतातून येतो, हेप्सिडिन नावाच्या हार्मोनच्या रूपाने. हेप्सिडिन वाढलं की भक्षक पेशींतून लोह बाहेर पडत नाही, आतड्यातूनही आत शिरत नाही.

हेप्सिडिनचं हे काम एका उंदरामुळेच कळलं, आणि तेही चुकून. पॅरिसमध्ये सोफी व्होलाँ यांच्या प्रयोगशाळेत साखरेच्या नियंत्रणाशी संबंधित एक जनुक काढून टाकलेले उंदीर होते. बघतात तर त्यांच्या यकृतात लोह साचलेलं! काढलेल्या जनुकाच्या शेजारचंच हेप्सिडिनचं जनुक बंद पडलं होतं. २००१ साली हे छापून आलं. दरवाजाच नसलेलं धरण.

वयस्कर शरीरात बहुतेक वेळा याच्या उलट होतं. कुठेतरी बारीक जळजळ सतत चालू असते: सांध्यांत, हिरड्यांत, जुन्या जखमेत. तिच्यामुळे हेप्सिडिन चढतं आणि दरवाजा बंद. धरण भरलेलं, जनित्र कोरडं. अशा वेळी तपासणीत फेरिटिन, म्हणजे साठवलेलं लोह, भरपूर दिसतं आणि हिमोग्लोबिन मात्र कमी. तोंडाने घेतलेल्या गोळ्यांचा मग फारसा उपयोग होत नाही, कारण आतड्याचा दरवाजाही बंदच असतो.

अर्थात सगळेच या खात्यात बसत नाहीत. अमेरिकेत ६५ च्या वरच्या लोकांचा एक मोठा अभ्यास २००४ मध्ये आला होता. त्यात दहातल्या साधारण एकाला ॲनिमिया होता. त्यांतल्या एक तृतीयांश लोकांना लोह, बी-१२ किंवा फोलेट कमी पडत होतं. एक तृतीयांशांमध्ये जुनी जळजळ किंवा मूत्रपिंडाचा आजार होता. उरलेल्या तृतीयांशाचं कारण सापडलं नाही. मी ज्या क्षेत्रात काम करते ते या शेवटच्या गटासाठी. पण पहिल्या दोन गटांना, म्हणजे तिघांतल्या दोघांना, 'वय' हे उत्तर देणं सरळ चूक आहे. कारण तपासता येतं, आणि पुष्कळदा त्यावर उपायही असतो.

रिपोर्टावर आणखी एक आकडा असतो ज्याकडे कुणी बघत नाही: आरडीडब्ल्यू. तांबड्या पेशी आकाराने किती एकसारख्या आहेत याचं हे माप. साधारण साडेअकरा ते साडेचौदा टक्के ठीक. वाढलं म्हणजे कारखान्यातून लहान-मोठा माल निघतोय. माणसांमध्ये जास्त आरडीडब्ल्यू आणि लवकर मृत्यू यांचा संबंध २००९ पासून माहीत आहे. २०२४ मध्ये जॅक्सन लॅबोरेटरी आणि कॅलिको यांचा उंदरांवरचा एक प्रचंड अभ्यास 'नेचर'मध्ये आला. ९६० माद्या, आठ जातींच्या संकरातून आलेल्या, प्रत्येकीची जनुकं वेगळी. पाच गट: पोटभर खाणारा, २० टक्के कमी, ४० टक्के कमी, आठवड्यातून एक दिवस उपास, दोन दिवस उपास. कमी खाणाऱ्या जास्त जगल्या, पण आयुष्यावर आहारापेक्षा जनुकांचा प्रभाव मोठा निघाला. आणि दीर्घायुष्याशी ज्या गोष्टी जुळल्या त्यांत कमी आरडीडब्ल्यू होतं.

त्याच अभ्यासात दोन दिवस उपास करणाऱ्या माद्यांमध्ये तांबड्या पेशींच्या साखळीची घडी विस्कटलेली आढळली. हे मी आजीला मुद्दाम सांगितलं, कारण ती सोमवार आणि गुरुवार धरते. ती म्हणाली, "उंदरांस साबुदाण्याची खिचडी घातलीन होती काय?" मुद्दा बिनतोड आहे. त्यांना फक्त पाणी होतं, आणि उंदराच्या चिमुकल्या शरीराला दोन दिवसांचा उपास म्हणजे आपल्या दोन दिवसांसारखा नसतो. उंदरावरून माणसावर उडी मारू नका असं मी ज्युनिअर मुलांना सांगत असते. ते आजीने मला ऐकवलं.

तर आम्ही चिपळूणला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. मी फक्त एक प्रश्न विचारला: वय सोडून आणखी काय असू शकतं? त्यांनी फेरिटिन, बी-१२, क्रिएटिनिन आणि शौचातून रक्त जातंय का ही तपासणी सांगितली. फेरिटिन भरपूर निघालं. धरण भरलेलं. बी-१२ ठीक, रक्तस्राव नाही. क्रिएटिनिन मात्र वाढलेलं. मूत्रपिंड नुसतं लघवी गाळत नाही. मज्जेला 'पेशी बनव' असं सांगणारं एरिथ्रोपोएटिनही तेच तयार करतं. ते मंदावलं की मज्जा धडधाकट असूनही तिला ऑर्डरच येत नाही.

डॉक्टरांनी विचारलं, दुखण्याच्या गोळ्या घेता का? आजी गप्प. मग आईने पिशवीतून पाकीट काढलं. गुडघ्यांसाठी औषधाच्या दुकानातून स्वतःच आणलेली गोळी, रोज एक, किमान सहा वर्षं. त्या गोळ्यांनी मूत्रपिंडावर ताण येतो हे मला माहीत होतं. ती त्या घेते हे मात्र माहीत नव्हतं, आणि चार वर्षांत मी तिला कधी विचारलंही नव्हतं.

गोळ्या बंद केल्या आहेत. गुडघ्यांना शेक आणि दुसरं औषध चालू आहे, त्यावर ती रोज कुरकुर करते. ऑगस्टमधल्या रिपोर्टात हिमोग्लोबिन १०.१ आलं, एवढासा फरक नुसत्या मोजणीतला चढउतारही असू शकतो, म्हणून मी अजून कुणाला पेढे वाटलेले नाहीत. क्रिएटिनिन होतं तिथेच थांबलं आहे. पुढची तपासणी दिवाळीनंतर.